साहेबांना दाखवल्याशिवाय छिन्नी नाही

भंगाराच्या आवारात चपला काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे. बबनआप्पा. जिथे जमिनीवर खिळे, बेअरिंगच्या गोळ्या, पत्र्याचे कातरे आणि फुटक्या बिडाच्या खपल्या पसरलेल्या असतात, जिथे गावची कुत्रीसुद्धा बघून पाय टाकतात, तिथे हा सत्तरीला टेकलेला माणूस मोटार उघडण्याआधी चपला काढतो आणि देवळाबाहेर ठेवाव्यात तशा जोडीनं बाजूला ठेवतो. वर्षातून दोनदा तरी त्यांच्या टाचेला पट्टी असते. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन देणारी सिस्टर त्यांना आता केसपेपर मागत नाही.

मी एकदा विचारलं, "आप्पा, नवस बोललाय का काही?"

"नवस कसला? आत कुणाच्या तरी हाताचं काम आसतं. चपला घालून कसं बघायचं?"

आप्पांचं दुकान शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, आमच्या गावाच्या शिवेवर आहे. गावाचं नाव सांगत नाही. पंचायतीतली माणसं अजून माझ्याशी बोलतात, ते तसंच राहू दे. आप्पांकडे रद्दी नाही, बाटल्या नाहीत, पत्र्याचे डबे नाहीत. फक्त मोटारी. घोडनदीच्या आणि भीमेच्या काठावर जळलेल्या, बोअरमधून दोर लावून वर ओढलेल्या, कुरकुंभच्या कारखान्यांनी मोडीत काढलेल्या. त्या फोडायच्या, बीड एका ढिगात, पोलादी पत्त्या दुसऱ्या ढिगात, ॲल्युमिनियम तिसऱ्या आणि तांबं पोत्यात. तांब्यासाठीच सगळा खटाटोप.

हे तांबं सहजासहजी सुटत नाही. वाइंडिंगच्या तारेवर वार्निश चढवलेलं असतं, ते वाळून दगड होतं. म्हणून बाकीचे भंगारवाले सोपा मार्ग धरतात. खाली जुना टायर, वर मोटारीचा सांगाडा, आणि काडी. तासाभरात वार्निश जळतं, तांबं सुटतं. जो धूर सुटतो तो कुणाच्या ढिगात जमा होत नाही, म्हणून तो कुणाचाच नसतो. तो शेजारच्या झोपडीत राहणाऱ्या बिहारी मजुराच्या छातीत जातो.

आप्पा जाळत नाहीत. एका बाजूनं तारेची डोकी छिन्नीनं उडवतात, दुसऱ्या बाजूनं आकडा घालून तारेच्या जुड्या ओढून काढतात. तिप्पट वेळ लागतो. पण त्याआधी एक सोहळा असतो. चपला काढून झाल्या की आप्पा मोटारीचं झाकण उघडतात, बॅटरीचा उजेड आत टाकतात आणि डॉक्टरनं घसा बघावा तसं डोकं घालून बघतात. त्यांचा कामगार बनवारी चाळिशीतला, शांत स्वभावाचा. छिन्नी धरून उभा असतो.

"काटूँ?"

आप्पा कधी म्हणतात, "काट." आणि कधी, पाच-पन्नास मोटारींमागे एखाद्या वेळी, डोकं बाहेर काढून हात वर करतात. "रुक. साहेबांना दाखवावी लागंल."

हे साहेब कोण, हा आमच्या गावातला जुना वाद. सलूनवाल्याचं म्हणणं, कुरकुंभचा कुणी इंजिनेर आहे, आप्पा त्याच्या हाताखाली गुपचूप काहीतरी शोध लावतात. दूध डेअरीवर बोललं जायचं की पुण्याचा मोठा व्यापारी असणार, दुकान त्याचंच, आप्पा नावाला. बनवारीला विचारलं तर तो बोट आभाळाकडे करायचा. "साहब ऊपर हैं." आप्पांना विचारलं तर साहेबांविषयी माहिती भरपूर मिळायची, पत्ता मिळायचा नाही.

"साहेब लई कडक हायत."

"साहेबांना फसवता येत न्हाई, हात लावला की वळखत्यात."

"आज साहेबांनी तोंडच उघडलं न्हाई. दिवस वाया."

साहेबांना दाखवून झालेल्या मोटारी परत यायच्या आणि दुकानाच्या मागच्या बाजूला, कडुनिंबाखाली, रांगेत बसायच्या. त्यांच्या अंगावर पांढऱ्या रंगानं एकेका गावाचं नाव लिहिलेलं असायचं. भांडगाव. निमोणे. कुरकुंभ. पुन्हा भांडगाव. तीस-पस्तीस तरी होत्या. त्यांतलं तांबं आप्पा काढायचे नाहीत आणि कुणाला काढूही द्यायचे नाहीत. एकदा एका व्यापाऱ्यानं त्या रांगेकडे बोट केलं, तर आप्पांनी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. अर्धा प्यालेला.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचा घोटाळा माझा आहे.

आमच्या घरात पत्रकं आधी आली, मी नंतर. बाबा मास्तर आणि चळवळे. दारूच्या दुकानाविरुद्ध, पाण्याच्या पाळ्यांतल्या लबाडीविरुद्ध, शाळेच्या गळक्या छपराविरुद्ध, ज्याच्या म्हणून विरुद्ध लिहिता येईल त्याच्याविरुद्ध त्यांनी पत्रकं काढली. मी अक्षरं त्या पत्रकांवरून शिकले. 'नागरिक बंधुभगिनींनो' हे मी 'कमळ'च्या आधी वाचलं. आप्पा मला पत्रकबाई म्हणतात. चेष्टेत असले की "तुम्ही", मनातलं बोलायचं असलं की "तू".

गेल्या वर्षी धुरानं हद्द केली. शाळेच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागायच्या. झोपडीतल्या बायका रात्रंदिवस खोकायच्या. मी पेटले. शिरूरला जाऊन पत्रक छापून आणलं, घरोघर वाटलं, फोनवर सगळ्यांना पाठवलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: 'आपल्या शिवेवरील सर्व भंगारवाले तांब्यासाठी माणसांचे श्वास जाळत आहेत.'

सर्व. मला ठाऊक होतं की आप्पा जाळत नाहीत. लिहिताना हात क्षणभर थांबलाही होता. पण अपवाद लिहिला की पत्रक मऊ पडतं. मी 'सर्व'च ठेवलं.

पत्रक चाललं. इतकं की पंचायतीनं सर्व भंगारवाल्यांना नोटीस दिली. पंधरा दिवसांत आवार मोकळं करा.

मी आप्पांकडे गेले तेव्हा ते माझंच पत्रक बनवारीला मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि मधेमधे हिंदीत समजावत होते. "साँस जलाता है, समझा? जोरदार लिवलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "या पत्रकबाई. एक शंका हाय. सर्व म्हंजी त्याच्यात मी बी आलो का?"

मी खाली बघितलं. "आप्पा, अपवाद घातला की धार जाते हो."

"धार छिन्नीला बी आसती," आप्पा म्हणाले. "पर लावायच्या आधी आत उजेड टाकून बघावं."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हणाले, पंचायतीपुढे जाऊ, भांडू, मी उभी राहते. आप्पांना त्यात रस नव्हता. दुकान उठलं तर उठलं, पण मागची रांग कुठे न्यायची हा त्यांचा घोर होता. घर दोन खोल्यांचं. आणि पोत्याखाली झाकलेल्या अजून अकरा मोटारी होत्या, ज्या साहेबांना दाखवायच्या राहिल्या होत्या.

"पंधरा दिसांत अकरा व्हायच्या न्हाईत," ते म्हणाले. "साहेबांचा येळ बघून न्यावी लागती. एका दिसाला एक, आन् तोंड उघडलं न्हाई तर तीच परत न्यायची. त्यांना दमवता येत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून आप्पा रोज दुपारी मोपेडवर पायांमध्ये एकेक सांगाडा ठेवून निघू लागले. मोटारीचा बाहेरचा बिडाचा भाग काढला की आत तारांनी भरलेलं पोलादी कडं राहतं, तेच फक्त न्यायचं. तरी ओझं भारी. चौथ्या दिवशी मोपेड रस्त्यातच बसली. मी मागून स्कूटरवर येत होते. थांबले.

"बसा आप्पा. साहेबांकडे मी सोडते."

आप्पांनी मोपेडला दोन लाथा घातल्या, रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "चल," म्हणाले. "पर तिथं पत्रकासारखं बोलू नको. हळू बोल."

मी मनातल्या मनात कुरकुंभच्या इंजिनेराचा बंगला तयार केला. दारात कुत्रं, फाटकावर पाटी. आप्पांनी मला डावीकडे वळायला सांगितलं, मग विहिरीपासून आत, आणि आम्ही थांबलो ते आप्पांच्याच घरापुढे.

पडवीत बाजेवर काकू बसल्या होत्या. आप्पांची कारभारीण, हौसाबाई. मी त्यांना लहानपणी बाजारात पाहिलेलं, भराभर बोलणाऱ्या, भाव पाडणाऱ्या. आता उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडलेला होता. तीन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं होतं, एवढं गावाला माहीत होतं. आम्ही सगळे तेव्हा भेटून आलो होतो, आणि मग आपापल्या कामाला लागलो होतो.

आप्पांनी चपला काढल्या. सांगाडा ओल्या फडक्यानं पुसला आणि काकूंच्या डाव्या हाताशी स्टुलावर ठेवला.

"साहेब, आज ही बघा."

मी दाराशी उभी होते. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

काकूंनी डावा हात पुढे केला. तारांच्या जुड्या जिथे वळतात तिथे त्या सुती दोऱ्यानं बांधलेल्या असतात आणि दोऱ्यावर वार्निश बसून गाठी टणक झालेल्या असतात. काकूंचा अंगठा त्या गाठींवरून फिरू लागला. एकेक गाठ, सावकाश, गोल. एका ठिकाणी थांबला, मागे आला, परत पुढे गेला. आप्पा श्वास धरून बसले होते. मग काकूंचे ओठ हलले, आवाज आधी नुसता घशात अडकला, आणि मग स्पष्ट निघाला.

"न्हावरा."

"व्हय!" आप्पा उठून उभेच राहिले. "न्हावऱ्याचीच! पास!" आणि त्यांनी कोनाड्यातला पांढरा रंग काढून त्या कड्यावर गावाचं नाव लिहायला घेतलं.

मग त्यांनी मला सांगितलं, हळू आवाजात, काकूंना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं, कारण त्यांच्यामागे त्यांच्याविषयी बोललेलं त्यांना खपत नाही.

आप्पा पूर्वी दौंडला मोटारी भरायचे, म्हणजे जळलेलं वाइंडिंग काढून नवं घालायचे. तार आप्पा घालायचे, बांधणी काकू करायच्या. काकूंचं माहेर भांडगावचं, घरी शेवंती आणि झेंडू. सात वर्षांच्या असल्यापासून गजरे बांधलेले. त्यांनी तांब्याच्या तारेलाही तीच गजऱ्याची गाठ घातली. दुसरा कुणी वाइंडर तशी घालत नाही. "सगळे हसायचे," आप्पा म्हणाले, "म्हनायचे बबन्याच्या मोटारीला गजरा हाय. पर गाठ कवा सुटली न्हाई."

वारं गेल्यावर काकूंची वाचा गेली. सहा महिने एक शब्द नाही. एके दिवशी दौंडच्या दुकानातून घरी आणलेली एक जळकी मोटार पडवीत पडली होती. काकूंनी सहज हात लावला, गाठी चाचपल्या आणि म्हणाल्या, "भांडगाव." त्यांच्या भावाच्या विहिरीवरची मोटार होती ती.

"तवाच ठरवलं," आप्पा म्हणाले. "भरायचं दुकान तसं बी बंद पडल्यालं. बांधनार कोन? म्हनलं, मोटार कुठंबी फिरू दे, शेवटाला भंगारात येती. आपन तिथंच जाऊन बसू."

"आणि खरंच त्या गावची असते?"

"कवा कवा चुकती." आप्पांनी काकूंकडे बघत आवाज आणखी उतरवला. "पर चुकली तरी बोलती की."

माझ्या डोक्यात तोपर्यंत पत्रक तयार झालं होतं. मथळ्यासकट. मी उतावीळपणे म्हणाले, "आप्पा, हे लिहिते. हे वाचल्यावर नोटीस टिकणारच नाही. एक माणूस विरोधात जाणार नाही!"

"न्हाई," आप्पा म्हणाले.

"पण आप्पा..."

"न्हाई, पोरी. पत्रकात नको. लोकं बघायला येतील. दारात हुभी ऱ्हाऊन बिचारी, बिचारी करतील. तिला कुनी बिचारी म्हनल्यालं चालायचं न्हाई. साहेब हाय ती."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. बाजारात भाव पाडताना बघायच्या, अगदी तसं. मी मथळा मनातच खोडला.

ग्रामसभेत मी आयुष्यातलं सगळ्यात लहान पत्रक वाचलं. 'मागील पत्रकात सर्व असे लिहिले, ती चूक माझी आहे. बबनआप्पा तार जाळत नाहीत. खात्री करायची असेल त्याने त्यांच्या आवारात राख शोधून दाखवावी.' बाबा मागच्या रांगेत होते. त्यांनी पन्नास वर्षांत कधी चूक छापली नव्हती, म्हणजे कबूल केली नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

एक सदस्य उठला. "जाळत न्हाईत, मान्य. पर मागं ती मोटारींची रांग कशापायी? इकायची न्हाई, फोडायची न्हाई. निस्ती अडगळ. आप्पा, एकच कारन सांगा."

सगळी सभा आप्पांकडे बघू लागली. माझ्या जिभेच्या टोकावर ते कारण होतं. नागरिक बंधुभगिनींनो, असं म्हणून सुरू केलं असतं तर अर्धी सभा रडली असती. सत्य माहीत असून गप्प बसायचं मला कुणी शिकवलेलं नाही. मी खुर्चीची कड घट्ट धरली.

आप्पा शांतपणे उठले. "साहेबांना दाखवल्यात. साहेब ठेव म्हनले."

सभा हसली. सरपंचही हसले. त्या हसण्यात चार जण उठून आवारात गेले, बराच वेळ राख शोधली, एकाच्या पायात खिळा घुसला, आणि राख काही सापडली नाही. ठरलं असं: जाळणाऱ्यांच्या भट्ट्या बंद, आप्पांनी रस्त्याच्या बाजूला पत्र्याचं कुंपण घालावं, बाकी जैसे थे. मी जिंकले की हरले हे मला अजून नीट कळलेलं नाही.

उरलेल्या मोटारी आप्पांनी निवांतपणे साहेबांना दाखवल्या. कुंपणही झालं. पण पुढे गजऱ्याच्या गाठीची मोटार यायचीच बंद झाली. काकूंनी बांधणी सोडून तीन वर्षं झालेली, जुन्या मोटारी किती दिवस पुरणार? आप्पा चपला काढायचे, उजेड टाकायचे, आणि म्हणायचे, "काट." पुन्हा, "काट." दोन महिने नुसतं "काट." बनवारीसुद्धा वैतागला. "आप्पा, कभी तो रुक बोलो."

आप्पांनी रांगेतल्या जुन्या मोटारी परत नेऊन बघितल्या. काकूंनी हात लावला आणि काढून घेतला. एकदा पास केलेलं काम साहेब दुसऱ्यांदा तपासत नाहीत.

अशात आमची विहिरीवरची मोटार जळली. मी ती टेम्पोत घातली आणि थेट आप्पांच्या घरी उतरवली.

"फोडायची नाही. भरून द्या."

"पोरी, मी भरायचं सोडलंय. तार घालीन. बांधील कोन?"

"साहेब आहेत ना?"

आठ दिवसांनी मी गेले तर पडवीत आमच्या मोटारीचं पोलादी कडं स्टुलावर होतं, नव्या लालसर तारांनी भरलेलं. काकू बाजेवर, आप्पा खाली त्यांच्या उजव्या अंगाला. दोऱ्याचं एक टोक काकूंच्या डाव्या हातात होतं, दुसरं आप्पांच्या उजव्या. काकू वळसा घालायच्या, आप्पांनी आपलं टोक त्यातून काढायचं. आप्पांना जमत नव्हतं. ज्या माणसानं चाळीस वर्षं ती गाठ समोर पडताना बघितली, त्याला ती येत नव्हती. कपाळावर घाम, जीभ दातात धरलेली. कशीबशी एक गाठ बसली. वाकडी, फुगलेली. आप्पांनी अभिमानानं माझ्याकडे बघितलं.

काकूंनी अंगठा गाठीवरून फिरवला. एकदा. परत एकदा. भुवया जवळ आल्या.

"ढिली," त्या म्हणाल्या.

तीन वर्षांत त्यांच्या तोंडून गावाच्या नावाखेरीज काही निघालं नव्हतं.

आप्पा गुडघ्यावर हात टेकत उठले, पाठ माझ्याकडे केली, आणि कोनाड्यात पांढऱ्या रंगाचा डबा उगाच इकडचा तिकडे ठेवत राहिले. वळले तेव्हा चेहरा सगळा ओला होता आणि हसत होता. "ऐकलंस का? नापास केलं! मी म्हनलं नव्हतं, साहेब कडक हायत?" आणि लगेच मांडी घालून बसले. "घ्या साहेब. सोडतो. परत बांधू."

आमची मोटार अजून तिथेच आहे. मी जाते तेव्हा कधी एक बाजू बांधून झालेली असते, कधी सगळी सोडलेली. काकूंचे शब्द आता चार झाले आहेत, आणि चारही आप्पांच्या कामाला नावं ठेवणारे आहेत. आम्ही शेजाऱ्यांच्या मोटारीवर पाणी भागवतो. बाबा रोज विचारतात, एवढ्याशा कामाला इतके दिवस कशाला लागतात, नुसतं हो म्हणून बसवून ठेवणाऱ्यांविरुद्ध एक पत्रक काढायला हवं.

मी सांगते, मोटार तयार आहे बाबा. साहेबांची सही व्हायची राहिली आहे.